प्लास्टिकच्या कयाकचा तळ: सांभाळताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या तलावपट्ट्यात डोंगा दुरुस्त करणारे हात अजून सापडतात. प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी नाव, फुटली की मात्र लाकडावर, लोखंडावर किंवा पाइपलाइनवर जे चालतं तेच तिच्यावर करून बघितलं जातं. नुकसान तिथेच होतं. बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीन मेणाच्या जातीचं: त्याला काही धड चिकटत नाही, ते जुळतं उष्णतेनेच आणि वाकडं होतं तेही उष्णतेनेच. एवढं डोक्यात ठेवलं तर खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

पाणी दिसलं म्हणजे तळ फुटला, असं धरून चालणं

आत लोटाभर पाणी सापडलं की लोक लगेच कयाक उलटी करून तळावर ओरखडे शोधतात. आधी मागचं ड्रेनचं बूच बघा. त्याचा रबरी वायसर वाळून कडक झालेला असतो. मग हँडलचे स्क्रू, सीटचे रिबिट, गळाच्या काठीसाठी नंतर पाडलेली भोकं बघा. पाणी बहुधा इथूनच शिरतं.

आणखी एक गंमत आहे. उन्हात तापलेली बंद कयाक थेट पाण्यात ढकलली की आतली गरम हवा एकदम आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढून घेते. तळ शाबूत असतानाही नाव गळते असं वाटतं. म्हणून पाण्यात उतरवण्याआधी थोडा वेळ झाडाखाली ठेवा, बूच उघडून हवा खेळू द्या, मग घट्ट लावा.

तरीही शंका असेल तर आत दोन बादल्या पाणी ओता, बाहेरून फडक्याने कोरडं पुसा आणि कयाक हळूहळू दोन्ही कुशींवर कलती करून कुठे ओल येते ते बघा. वर बसायच्या कयाकमध्ये आरपार जाणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या आतून बोट फिरवा. ट्रॉलीचे खुंटे त्यात घालून कयाक ओढली असेल तर तडा तिथेच लपलेला असतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून तपासायचा सल्ला कुणीतरी देतंच. तो ऐकू नका, चांगली कयाक फुगून फाटेल.

एम-सील, अराल्डाइट, डांबर, फायबर

यात एम-सीलचा काही दोष नाही, ते या कामाचंच नाही. लावल्यावर दगडासारखं घट्ट होतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण कयाकचा तळ पाण्यात सारखा थोडा आत-बाहेर होत असतो, ही थिगळी मात्र लवत नाही. काही दिवसांत कड उचलली जाते. नख घालून ओढलं की अख्खा तुकडा एका झटक्यात हातात येतो. तो उलटा करून बघा: पाठ गुळगुळीत, तिच्यावर कयाकच्या पृष्ठभागाची नक्षी जशीच्या तशी उमटलेली, आणि प्लास्टिकचा कणही सोबत आलेला नाही. म्हणजे ते नुसतं टेकून बसलं होतं.

फेविक्विक, फायबरचं रेझिन आणि लाकडी नावेला लावतात ते डांबर, सगळ्यांची गत तीच. वरून हलकी ज्योत फिरवून चिकटण्याजोग्या केलेल्या पॉलिथिलीनला धरणारं खास लवचिक इपॉक्सी असतं, पण ते तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळण्याची आशा धरू नका. तलावाच्या मध्येच तडा गेला आणि परत काठाला यायचं असेल, तर छपरावर लावतात ती बिटुमेनची टेप बरी. जागा पूर्ण कोरडी करून दाबून लावा. ती काठापर्यंत पोचण्याची सोय आहे, पुढे वेल्डिंग, म्हणजे प्लास्टिक तापवून जोडणं, करायचंच आहे.

वेल्डिंगला हाताला येईल ते प्लास्टिक वापरणं

आठवडी बाजारात बादल्या, खुर्च्या तापल्या सळईने जोडून देणारा कारागीर बसतो. त्याचा हात चांगला असतो, पण भरायला तो खुर्चीचाच तुकडा घेतो. खुर्ची असते पॉलिप्रोपिलीनची, आणि ते पॉलिथिलीनशी एकजीव होत नाही. राखाडी पीव्हीसी पाइप तर अजिबात नको. तो तापवल्यावर घशाला झोंबणारा विषारी धूर सोडतो.

जवळपासचा योग्य माल म्हणजे फुटकी काळी पाण्याची टाकी. ती कयाकसारखीच साच्यात फिरवून बनवतात आणि बहुधा त्याच जातीच्या प्लास्टिकची असते. तुषार सिंचनाचा एचडीपीई पाइपही चालतो. तुकड्यावर त्रिकोणात २ किंवा ४ आकडा असेल तर घ्या, ३ आणि ५ सोडा. आकडा नसेल तर पाण्यात टाका: पीव्हीसी बुडतं, पॉलिथिलीन तरंगतं. पॉलिप्रोपिलीनही तरंगतं, म्हणून खरी परीक्षा अशी: कयाकच्या न दिसणाऱ्या कडेवर थोडं वेल्ड करून बघा आणि थंड झाल्यावर पक्कडीने उचकटा. सालीसारखं निघालं तर माल बदला.

कयाकच्याच कडेचा कीस तापवल्यावर वितळून वाहायच्या ऐवजी नुसता मऊ होऊन तपकिरी पडत असेल, तर ती क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची आहे. तिचं वेल्डिंग होत नाही, हीट गन (गरम हवा फेकणारं वेल्डिंगचं यंत्र) बाजूला ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. तड्याच्या दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडा, नाहीतर वेल्ड झाल्यावरही तडा पुढे चालत राहतो. तड्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, आरपार नको. जागा साबणाने धुऊन वाळवा आणि वरचा उन्हाने फिका पडलेला थर ब्लेडने खरवडा, मेलेल्या थरावर जोड बसत नाही. मग भरायच्या प्लास्टिकची पट्टी आणि खाच दोन्ही सोबत तापवा. दोघांनाही ओली चमक आली की दाबायचं. नुसती पट्टी वितळवून थंड खाचेत ओतली तर दिसायला झकास, धरायला शून्य. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर प्लास्टिक जळतंय. तळाला लांब तडा असेल तर स्टीलची बारीक जाळी मध्ये दाबून वरून थर द्या. शेवटी थंड पाणी ओतायची घाई करू नका, आपसूक निवू द्या.

खेड्यात एक अडचण हमखास येते. हीट गन १५०० ते २००० वॅटची असते. घरचा इन्व्हर्टर तिला उचलत नाही आणि व्होल्टेज पडलं की हवा कोमट येते. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू असताना हे काम काढू नका.

ऊन आणि दोरी

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हातली गडद रंगाची कयाक हवेपेक्षाही जास्त तापते. सकाळी गाडीच्या टपावर करकचून आवळलेली दोरी दुपारी त्याच मऊ पडलेल्या तळाला खड्डा पाडते. रुंद पट्टा वापरा, हलणार नाही इतकाच ताणा, वाटेत थांबाल तेव्हा सैल करा. टिनाच्या शेडमध्ये ठेवायची तर उलटी, दोन जुन्या टायरांवर, दोन्ही टोकांपासून साधारण एकतृतीयांश अंतरावर टेकू देऊन. टोकाच्या हँडलांना टांगली की मधून झोळ पडतो. बूच उघडं असू द्या.

खड्डा पडलाच तर हातोडी घेऊ नका. तळ वर करून उन्हात ठेवा, बऱ्याचदा तासाभरात निम्मा खड्डा आपला आपण भरतो. उरलेला आतून हाताने दाबा, आणि थंड होईपर्यंत आत टेकू राहू द्या.

ओढत नेणं

तलावाच्या पाळीवरच्या दगडी पिचिंगवरून आणि मुरमावरून ओढली की मागची टाच सगळ्यात आधी झिजते. दोघांनी उचला, किंवा टाचेवर त्याच जातीच्या प्लास्टिकची जाड पट्टी आधीच वेल्ड करून ठेवा. उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, तिथे वेगाने वल्हवू नका.

साधे ओरखडे भरायच्या नादी लागू नका. वर आलेले प्लास्टिकचे केस ब्लेडने कापा, बस्स. अर्ध्या जाडीपर्यंत गेलेलीच खाच भरायची. वरून ऑइल पेंट मारणं म्हणजे पैसे पाण्यात, पोपडे येतात.

आणि कयाक वर्षानुवर्षं अंगणात उन्हात पडून तिच्यावर बारीक जाळीसारख्या भेगा पडल्या असतील, अंगठ्याने दाबल्यावर कडकड वाजत असेल, तर वेल्डिंगवर खर्च करू नका. एका तड्याशेजारी दुसरा जाईल. सावलीत राहिलेला भाग अजून चिवट असेल तर त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवा, पुढच्या कयाकला वेल्डिंगची पट्टी म्हणून कामाला येतील.