लॅबला चार गुण

मागच्या मार्चमध्ये आमच्या कॉलेजच्या संगणक विभागात नव्याने लागलेले सर एक फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. ‘संगणक प्रयोगशाळेतील सुविधांबाबत आपण किती समाधानी आहात?’ पुढे १ ते ५ चे चौकोन. ‘‘मॅडम, काय टिक करू?’’

मी जर्नल तपासत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘चार करा.’’

पाच केले तर आपल्यालाच लाज वाटते, तीन केले तर समन्वयकांचा फोन येतो. चार सगळ्यांच्या सोयीचे. ११ वर्षं मी चारच करत आले होते. त्याच दुपारी सरांचं पहिलं प्रॅक्टिकल लागलं. २० मुलांची बॅच, २४ मशीन, पैकी चालू १९, आणि त्यातल्या दोन मशीनवर डेटाबेस उघडेना. पाऊण तासाने ते बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. फार काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, ‘‘मॅडम, ह्या लॅबला तुम्ही चार देता?’’

तेव्हा उत्तर सुचलं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत जे नवीन लागतायत, बहुतेक तासिका तत्त्वावरच, त्यांच्यासाठी ते उत्तर आता सावकाश लिहितेय.

पहिली गोष्ट, मशीनची संख्या विचारू नका. ती सगळ्यांकडे पुरेशी असते. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक विद्यार्थी आणि संगणकाचं प्रमाण मागते, त्यामुळे कागदावर ते चोखच असणार. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीत, जे आहे ते ‘आहे’, मग ते सुरू होवो न होवो. जुनं मशीन काढायचं म्हटलं की निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, फाइल चालवावी लागते, समिती बसते, सह्या होतात. तोवर ते कोपऱ्यात कापड पांघरून उभं. मोजणीत धरलेलं.

विचारायचं ते हे: ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे?

मी लागले तेव्हा आमच्याकडे तो देखभालीचं कंत्राट घेतलेल्या दुकानाच्या मुलाकडे होता. मुलगा गुरुवारी यायचा. माझं टीवायचं (तिसऱ्या वर्षाचं) जावाचं प्रॅक्टिकल सोमवारी. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) आणि ८०८० हा पोर्ट नंबर टाकला की टॉमकॅटचं, म्हणजे जावाची वेब पानं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पान उघडायला हवं, मांजराचं चित्र असलेलं. आमच्याकडे त्या जागी युजरनेम-पासवर्ड मागणारी चौकट यायची. २० मुलं, २० चौकटी. मी पुस्तक पाहिलं, स्वतःची स्टेप पुन्हा पाहिली, मुलांसमोर दोनदा ‘थांबा हं’ म्हणाले. घरी गेल्यावर लक्षात आलं. आधीच्या वर्षी कोणीतरी ओरॅकल या डेटाबेसची एक्सप्रेस आवृत्ती टाकून ठेवली होती, आणि तीही आपलं वेब पान ८०८० वरच उघडते. दोघांना एकच दार हवं होतं, ओरॅकल आधी जाऊन बसलं होतं. उपाय दोन मिनिटांचा: टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ८०८० खोडून ९०९० लिहायचं. पण ती फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये, आणि तिथे बदल करायला पासवर्ड लागतो. दोन मिनिटांच्या कामासाठी मी गुरुवारची वाट पाहिली, आणि गुरुवारी मुलगा आलाच नाही. त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता.

त्या आठवड्यात फॉर्म आला असता तर मी एक दिला असता. मशीन तीच होती बरं का, पुढच्या वर्षी पासवर्ड विभागाकडे आला आणि त्याच मशीनवर मी मजेत शिकवलं. शिक्षक लॅबवर खूश आहे की नाही हे मशीन किती नवं यापेक्षा, बिघडलं तर त्याला स्वतः काही करता येतं का, यावर ठरतं असं माझं मत त्या वर्षी पडलं. अजून बदललेलं नाही.

म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात, मुलं नसताना, लॅबमध्ये जा आणि प्रत्येक मशीनवर दहा मिनिटं बसा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कोणत्या कीबोर्डचा ‘एस’ अडकतो, कोणत्या मॉनिटरची केबल दाबून धरावी लागते, हे आपल्याला मुलांच्या आधी माहीत हवं. लॅब असिस्टंटना सोबत घ्या. आमचे आप्पा विज्ञान शाखेचे नाहीत, पण २४ पैकी कोणतं मशीन कुठल्या ऋतूत रुसतं ते त्यांना पाठ. चालू होताना बीप-बीप करणाऱ्या मशीनची रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची, हे मी एमएस्सीत शिकले नाही, आप्पांकडून शिकले. आमच्याकडे धूळ चिक्कार. कापसाच्या दिवसांत तर कॅबिनेट उघडलं की पंख्यावर पांढरट लव दिसते.

‘नेट बंद आहे’ अशी तक्रार आली की आधी घड्याळ बघा. खरंच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२. ती संपली की मशीन बंद केल्यावर तारीख मागे जाते. मशीनला वाटतं २००९ चालू आहे, आणि आज दिलेली वेबसाइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. मग ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. मुलाच्या दृष्टीने नेट बंद. बॅटरी किरकोळ किमतीची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. तिच्यासाठी मागणीपत्रक भरलंत तर महिना जाईल. पाच-सहा स्वतःच आणून ठेवा.

आता उन्हाळा. पुण्या-नाशिककडून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि वार्षिक प्रॅक्टिकल नेमकी मार्च-एप्रिलमध्ये. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा उघड्या गच्चीखाली लॅब असेल तर दुपारी दोनची बॅच घेऊच नका. सकाळी साडेसातची मागून घ्या, मुलंही येतात. उन्हाळ्यात आमच्याकडे एक आणखी प्रकार व्हायचा: ११ ते १४ नंबरच्या मशीनला हात लावला की बोटांना मुंग्या. मुलींनी तर ती रांगच सोडून दिली. मला वाटलं यूपीएस बिघडला. आप्पा म्हणाले, ‘‘मॅडम, जमीन तहानली आहे.’’ ते बादली घेऊन इमारतीच्या मागे गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं, एक, दोन, तीन. काळी माती भेगाळलेली, पाणी ओतताच चर्र आवाज. आत आले, कॅबिनेटला तळहात टेकवला, ‘‘आता बघा.’’

गंमत वाटते, पण त्यामागचं कारण सरळ आहे. प्रत्येक मशीनच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थोडा विद्युतप्रवाह कॅबिनेटवर झिरपतोच. तो जमिनीत जायला अर्थिंगची वाट असते. काळ्या मातीतला ओलावा गेला की त्या वाटेचा रोध वाढतो, मग तो प्रवाह आपल्या बोटांतून वाट शोधतो. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्चपासून दर आठवड्याला पाणी घालायला सांगा. पण एवढ्यावर भागवू नका, वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. वाट पूर्ण तुटलेली असेल तर बादलीने काही होत नाही, आणि हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

बैठकीची रचना बदलायची संधी मिळाली तर सोडू नका. वर्गासारख्या रांगा असल्या की पुढे उभ्या शिक्षकाला फक्त मॉनिटरच्या पाठी दिसतात. मुलगा प्रोग्राम लिहितोय की क्रिकेटचा स्कोअर बघतोय, कळत नाही. आमच्याकडे रंगकामासाठी टेबलं हलवली होती, ती परत ठेवताना मी आणि आप्पांनी भिंतीला लावली, मॉनिटर खोलीकडे तोंड करून. कोणाला विचारलं नाही. आता मध्ये उभं राहिलं की २० पडदे एका नजरेत दिसतात. तोटाही आहे, मुलांची पाठ फळ्याकडे असते आणि माना वळवून ती कंटाळतात. म्हणून मी आधी सगळ्यांना खुर्च्या फिरवून पंधरा मिनिटं समजावते, मग ‘फिरा’ म्हणते. मॉनिटरवर ऊन येऊ नये म्हणून पश्चिमेच्या खिडकीला अजून पेपर चिकटवलेला आहे, खिडकीच्या पडद्याचा प्रस्ताव तीन वर्षं जुना. टेबलं हलवता येत नसतील तर व्हेयॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅनवर टाका. सगळ्यांचे पडदे आपल्या मशीनवर दिसतात, आपला त्यांना दाखवता येतो. जुना प्रोजेक्टर असेल तर याचा दुहेरी फायदा. नाहीतर फॉन्ट २४ चा ठेवा आणि काळी पार्श्वभूमी वापरू नका, दुपारच्या उजेडात मागच्या मुलांना काहीच दिसत नाही.

मुलांबद्दल थोडं. अभ्यासक्रम जळगावला ठरतो. १९९० पर्यंत आपण पुणे विद्यापीठाखाली होतो, मग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि २०१८ ला बहिणाबाईंचं नाव लागलं. पण विद्यापीठाच्या आवारातली लॅब आणि अक्कलकुवा-धडगावकडून येणाऱ्या मुलाचा पहिला कीबोर्ड, हे अंतर अभ्यासक्रमात दिसत नाही. मुलं मोबाइलवर पटाईत आहेत, म्हणून संगणक येत असेल असं धरू नका. ‘‘फाइल कुठे सेव्ह केलीस?’’ ‘‘वर्डमध्ये, मॅडम.’’ फोल्डर ही कल्पनाच नाही, मोबाइलमध्ये ती लागत नाही. एक मोठं अक्षर काढायला कॅप्सलॉक चालू, अक्षर, कॅप्सलॉक बंद. पहिल्या दोन प्रॅक्टिकलांत मी फक्त फोल्डर करायला, नाव द्यायला, हलवायला लावते. जर्नलमध्ये याची नोंद होत नाही, तरीही. अहिराणी बोलणारी मुलं मॅडमसमोर प्रमाण मराठी शोधत गप्प बसतात. मशीनपाशी वाकून ‘काय व्हयनं रे?’ विचारलं की भराभर सांगतात. तुम्हाला येत नसेल तर एवढं एक वाक्य शिका. आणि बॅचा पाडताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. साडेपाचची गाडी चुकणारी मुलगी पाच वाजता लूप समजून घेत नाही.

टर्बो सी, म्हणजे सी भाषेचे प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल विचाराल तर माझ्या तोंडून चांगलं निघणार नाही. ते १६ बिटचं, ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालत नाही. जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या कुबड्या देऊन आपण त्याला उभं ठेवलंय. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमची निम्मी मशीन त्यात बसत नाहीत. एका रांगेवर मी विंडोजऐवजी लुबुंटू ही हलकी, फुकट लिनक्स टाकली. मुलांनी सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत टर्बो सीची कोनियो ही फाइल लिहिली, लुबुंटूवरच्या जीसीसी कंपायलरने ‘अशी फाइलच नाही’ म्हणून परत पाठवलं. आठवडाभर कुरकुर झाली. आता तीच रांग आधी भरते, कारण ती मशीन चटकन सुरू होतात. एक्सटर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) मात्र आधी फोन करून सांगून ठेवा, काहींना टर्बो सीचा निळा पडदा दिसला नाही की चुकल्यासारखं होतं.

संगणकाचा शिक्षक म्हणजे ऑफिसचा प्रिंटर, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि प्राचार्यांचा ईमेल हेही ओघाने येतं. प्रवेशाच्या दिवसांत लॅबच घेऊन टाकतात आणि तुमचं प्रॅक्टिकल फळ्यावर होतं. यावर उपाय मला सापडलेला नाही. फक्त त्या तासांची नोंद लॅब रजिस्टरला तारखेसह करत जा, ‘प्रयोगशाळा अन्य कामासाठी वापरात’. बिघाडसुद्धा ‘पीसी बंद’ असा लिहू नका. ‘मशीन १२, चालू होते, पडदा येत नाही, दुसऱ्या केबलने येतो’ असं लिहा. अशा नोंदीची केबल आठ दिवसांत आली. ‘पीसी बंद’वाली मशीन अजून बंद आहेत.

यंदा फॉर्म आला तेव्हा सर विचारायला आले नाहीत. त्यांनी दोन केले होते. मी तीन केले आणि ‘अन्य सूचना’ या दोन ओळींच्या जागेत बारीक अक्षरात रजिस्टरचे पान क्रमांक लिहिले. तिसऱ्या दिवशी समन्वयकांचा फोन. ‘‘मॅडम, चुकून तीन झालंय का?’’

‘‘नाही सर, बघून केलंय.’’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘ते अर्थिंगचं काय लिहिलंय ते जरा सांगा.’’ पुढच्या सोमवारी वायरमन आला आणि मीटर लावून बसला. खिडकीच्या पडद्याचं विचारलं तर ‘प्रक्रियेत आहे’. आप्पा शनिवारी बादल्या ओततात, तेवढं अजून चालू आहे.