नोकरीसाठी शहर बदलताय? आधी या चुका टाळा

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "मावशी, हैदराबाद की पुणं? उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय." पगाराचे दोन्ही आकडे त्याला तोंडपाठ होते. ऑफिस शहराच्या कुठल्या भागात आहे, हे मात्र दोन्हींपैकी एकाचंही त्याला सांगता येईना. मी म्हटलं, बाकीचं नंतर बोलू, सकाळी उठून आधी आठ दिवसांची मुदत माग. त्याने मागितली, मिळाली. मुदत मागायला मुलं घाबरतात, पण बहुतेक वेळा ती मिळते. जी कंपनी आठ दिवस थांबायला तयार नाही, ती उद्या घरच्या अडचणीला रजा कशी देईल, याचा अंदाजही तिथेच येतो.

लग्नानंतर आम्ही नाशिकहून ठाण्याला, तिथून पुण्याला, मग बंगळूरला आणि परत पुण्याला असं चार वेळा बिऱ्हाड हलवलं. त्यात दोन चुका फार महाग पडल्या. त्याच चुका माझ्यापेक्षा जास्त शिकलेली मुलं आज करतात, तेव्हा जीव तुटतो.

रविवारी घर बघणं

आपण म्हणतो शहर निवडलं. पण रोजचा दिवस जातो तो घर, ऑफिस आणि शाळा यांच्यामधल्या दोन-तीन रस्त्यांवर. ते रस्ते कामाच्या दिवशी पाहिले नसतील, तर ते शहर तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

2013 साली आम्ही पुण्यात आलो. नवऱ्याचं ऑफिस मगरपट्ट्यात, माझं हिंजवडीत. दलालाने रविवारी सकाळी हडपसरचं घर दाखवलं. दोन बेडरूम, हवेशीर, खिडकीसमोर बदामाचं झाड आणि भाडं आमच्या आवाक्यातलं. तिथूनच आम्ही गाडीने हिंजवडीला जाऊन आलो. रस्ते मोकळे होते, तासाभरात पोचलो. त्याच संध्याकाळी टोकन दिलं.

कामाचा पहिला आठवडा संपेपर्यंत लक्षात आलं की सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास रस्त्यातच जाणार. पावसाळ्यात वाकडच्या भूमकर चौकात बस एकाच जागी वीस-वीस मिनिटं उभी असायची. महिन्याचे 22 दिवस धरले तर 88 तास. आठ तासांच्या हिशेबाने कामाचे अकरा दिवस मी कंपनीच्या बसच्या खिडकीशी बसून काढत होते. मुलगी तेव्हा चार वर्षांची. मी घरी पोचायचे तेव्हा शेजारच्या काकूंकडे जेवून ती झोपलेली असायची. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, मधेच सोडलं असतं तर डिपॉझिट गेलं असतं. ते सहा महिने मी अजून विसरलेले नाही.

मग औंधला आलो. भाडं पाच हजारांनी वाढलं, एक खोली कमी झाली आणि दोघांनाही साधारण पाऊण-पाऊण तासाचा प्रवास आला. घरात दोघं नोकरी करणारे असतील तर मी आता हेच सांगते. एकाला पायी दहा मिनिटं आणि दुसऱ्याला दोन तास असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ज्याच्या वाट्याला दोन तास येतात तो चिडचिडा होतो, आणि ती चिडचिड घरातल्या सगळ्यांना पुरते.

माझी रीत साधी आहे. मंगळवारी सकाळी साडेआठला त्या घराच्या दारातून निघायचं, ऑफिसच्या गेटपर्यंत जायचं आणि संध्याकाळी साडेसहाला तिथून परत यायचं. ज्या वाहनाने पुढे रोज जाणार त्याच वाहनाने. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये. रविवारी फोनवरच्या नकाशाने दाखवलेली मिनिटं मी धरतच नाही. आठ दिवस नातेवाइकाकडे किंवा एखाद्या पीजीत राहून हे करता आलं तर फारच चांगलं.

मुंबईत हाच प्रश्न लोकलच्या लाइनचा होतो. घर सेंट्रलला आणि ऑफिस वेस्टर्नला असेल तर दादरच्या पुलावरची गर्दी रोजची ठरलेली. शक्यतो एकाच लाइनवर राहा, आणि तुमच्या स्टेशनवर फास्ट गाडी थांबते का ते विचारा. बंगळूरला घर सिल्क बोर्डच्या गर्दीच्या चौकाच्या एका बाजूला आणि ऑफिस दुसऱ्या बाजूला, हे शक्यतो टाळा.

"इथून मेट्रो जाणार आहे" या वाक्यावर जास्त भाडं मोजू नका. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2016 मध्ये झाली आणि पहिली गाडी धावली मार्च 2022 मध्ये, तीही वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी एवढीच. ज्या दिवशी तिकीट काढून आत बसाल त्या दिवसापासून मेट्रो धरा.

पगाराचा आकडा बघून होकार देणं

2018 मध्ये नवऱ्याला बंगळूरची नोकरी आली, महिन्याला 30,000 रुपये जास्त. मी वही काढली. वरच्या टप्प्यात 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर म्हणजे 31.2 टक्के गेले, उरले 20,640. घरभाड्यातला फरक 11,000. शाळा आणि शाळेची बस यांतला फरक 5,000. नाशिकला वर्षातून तीन-चार फेऱ्या सगळ्यांच्या धरल्या तर महिन्याला 4,000. हातात उरले 640 रुपये. शिवाय तिकडे तेव्हा दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागत. 28,000 च्या घराला 2,80,000 रुपये अडकले, आणि घर सोडताना मालकाने रंगाचे म्हणून एका महिन्याचं भाडं कापून घेतलं.

तरीही आम्ही गेलो, कारण त्याला ते काम मनापासून हवं होतं. कामासाठी जायचं हे कारण चांगलंच आहे. पैशासाठी चाललोय अशी समजूत करून घेऊन मात्र जाऊ नये. आणि त्या वहीत मी एक ओळ लिहायलाच विसरले होते, माझ्या स्वतःच्या पगाराची. बंगळूरला मला नोकरी मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत घरात एकच पगार येत होता. बायकोची नोकरी "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देणारी जोडपी आजही भेटतात, तेव्हा मला राग येतो. तिचे मुलाखतीचे फोन सुरू झाल्याशिवाय ट्रक ठरवू नका.

दोन शहरांच्या खर्चाची तुलना करून देणाऱ्या तयार तक्त्यांवर आणि व्हिडिओंवर विसंबू नका. त्यांत तुमच्या गावी जायचं तिकीट नसतं, आईची औषधं नसतात आणि सोसायटीचा टँकरही नसतो.

लगेच घर विकत घेणं

भाडं वाया जातं असं म्हणत पहिल्याच वर्षी फ्लॅट बुक करतात. पुण्यात महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर 7 टक्के मुद्रांक शुल्क, वर नोंदणीचे कमाल 30,000 रुपये. 70 लाखांच्या घराला 5,20,000 रुपये, आणि घर विकताना ते परत मिळत नाहीत. बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे, ती घ्या. पण पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा अंगावरून गेल्याशिवाय तो भाग आपल्याला मानवतो का, हे कळत नाही.

पाण्याचं ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा: एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? 2024 च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या कितीतरी भागांत बोअर आटले आणि चांगल्या सोसायट्यांनाही पाणी मोजून वापरावं लागलं. पुण्याच्या कडेच्या नव्या वस्त्यांतही टँकरचा खर्च मेंटेनन्समधून तुमच्याच खिशातून जातो.

म्हाताऱ्या माणसांना गृहीत धरणं

ही माझी दुसरी मोठी चूक. ती लिहिताना अजून जड जातं.

सासूबाई नाशिकला गंगापूर रोडला राहायच्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना बंगळूरला घेऊन गेलो. त्यांना विचारलंच नाही, विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. नाशिकला त्यांचं भजनी मंडळ होतं, गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणं होतं, भाजीवाली घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायची. व्हाइटफील्डला नवव्या मजल्यावर आमच्याकडे सगळ्या सोयी होत्या. लिफ्ट होती, बाग होती, खाली दवाखाना होता. आई दोन-चार कानडी शब्द शिकल्या, लिफ्टमध्ये सगळ्यांकडे बघून हसायच्या. हळूहळू खाली जाणं कमी झालं. एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "इथे मला कुणी नावाने हाक मारत नाही गं."

शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, पण ते गांधीनगरात. व्हाइटफील्डहून वीसेक किलोमीटर. दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. आठ महिन्यांनी त्या नाशिकला परतल्या आणि नवरा दर महिन्याला तिकडे जाऊ लागला. 2020 मध्ये आम्ही पुण्याला आलो ते मुख्यतः त्यांच्यासाठी. पुण्याहून नाशिक सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, रात्री फोन आला तर पहाटेपर्यंत पोचता येतं.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, आई-वडिलांना आधी एक महिना पाहुणे म्हणून न्या, आणि परतीचं तिकीट आधीच काढून त्यांच्या हातात द्या. मग त्यांना मोकळेपणाने "नाही" म्हणता येतं. त्या महिन्यात ते दुपारी काय करतात ते बघा. आणि त्यांचं नाही आलं, तर मनात न धरता तुमच्या नोकरीच्या जागेचा पुन्हा विचार करा.

बाकीच्या चुका

मुलगा दहावी-बारावीत असेल तर राज्य बदलू नका. वैद्यकीयच्या राज्य कोट्याला साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. आपलं घर कोल्हापूरला आहे एवढ्याने भागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत पहिलीच्या प्रवेशाची वयाची अट राज्यागणिक वेगळी असते, आणि तिकडची भाषा शिकावी लागते: कर्नाटकात कन्नडसाठी 2015 चा कायदा आहे, तसा आपल्याकडे मराठीसाठी 2020 चा. मुलं भाषा पटकन उचलतात, त्याची भीती नको.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज असेल तर बँकेचंही, आणि वर तिकडचा रोड टॅक्स. जुनी गाडी असेल तर विकून जा.

भाडेकरार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात ती मालकाची जबाबदारी आहे. "नंतर करू" म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका.

आणि घरून काम मिळालंय म्हणून गावी परतणाऱ्यांसाठी. साताऱ्यात, सांगलीत, नाशकात राहावं असं मलाही वाटतं. मोकळी हवा आहे, माणसं ओळखीची आहेत. पण तोंडी कबुलीवर जाऊ नका, नेमणूकपत्रात लिहून घ्या. लॉकडाऊननंतर गावी आलेल्या अनेकांना कंपन्यांनी परत बोलावलं, तोवर मुलांच्या शाळा बदलून झाल्या होत्या. कुठल्याही शहरात जाण्याआधी मी विचारते: ही नोकरी गेली तर याच शहरात तुम्हाला घेतील अशा पाच कंपन्या सांगा. वाहन उद्योगातल्या माणसाला चाकण, तळेगाव, रांजणगाव किंवा संभाजीनगरचं वाळूज सांगता येतं. नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंजिनिअरला बरंच काम आहे, पण सॉफ्टवेअरवाल्याची यादी दोन-तीन नावांवर संपते. यादी तीनवर थांबली तर वर्षभराचा खर्च बँकेत असू द्या.

भाचा मंगळवारी सकाळी साडेआठला पुण्यात खराडीला जाऊन आला, गुरुवारी हैदराबादला गचीबावलीत होता. काल रात्री तिथूनच फोन आला. ऑफिसपासून चार किलोमीटरवर एक घर आवडलंय म्हणाला, आणि उद्या सकाळी वॉचमनला टँकरचं विचारणार आहे.