तोडलेल्या झाडाच्या बदल्यात झाडे लावताना या चुका टाळा

पुण्यात खासगी आवारातले झाड तोडायचे असेल, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते आणि तिच्यासोबत नवी झाडे लावण्याची अट येते, एवढे बहुतेक सोसायट्यांना ठाऊक असते. 2021 च्या दुरुस्तीने ही अट किती जड झाली आहे, हे मात्र परवानगीपत्र हाती पडल्यावरच अनेकांच्या लक्षात येते. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावायची, प्रत्येक रोप लावतानाच सहा ते आठ फूट उंचीचे हवे, त्याचे जिओटॅगिंग (नकाशावर नेमक्या जागेची नोंद) करायचे आणि सात वर्षे ते जगवायचे. तीस वर्षांच्या एका झाडामागे तीस रोपे होतात. हा हिशेब अर्ज करण्यापूर्वी मांडावा.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे लागवड एका रविवारी, फोटोपुरती उरकणे. सहकारनगरातल्या एका सोसायटीचे कागद मी पाहत होतो. आवारात पाचच रोपांची जागा होती, म्हणून उरलेली वीस-बावीस रोपे ठेकेदाराने टेकडीच्या उतारावर लावली. जागा कोणाची आणि तिथे लावायला कोणाची संमती हवी, हे कोणी विचारले नाही. फोटो निघाले, वडापाव झाला. पुढच्या मे महिन्यात मी तिथे गेलो आणि वाळलेला एक कडुनिंब सहज ओढून पाहिला, तर तो एका हाताने वर आला. मुळाभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती आणि आत मुळे जिलबीसारखी गोल गुंडाळलेली होती. खड्डा जेमतेम वीतभर, कारण खाली मुरूम आणि मग काळा खडक लागला की मजूर पहार टाकून देतो. वरून मातीऐवजी बांधकामाचा राडारोडा लोटलेला. त्या सोसायटीची परवानगीसाठी महापालिकेकडे भरलेली अनामत अडकली आणि सगळी लागवड पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून मी खड्डे मे महिन्यातच घेऊन ठेवतो, तीन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि मजुरी चुकती करण्याआधी स्वतः काठी घालून मोजतो. रोपे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लावतो, पिशवी माझ्यासमोर फाडायला लावतो आणि गुंडाळलेली मुळे कोयत्याने उभी चिरतो. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार, त्याचे नाव सोसायटीच्या ठरावात लिहून घेतो. नव्या कार्यकारिणीला सात वर्षे फार वाटतात, पण घाई असलेल्यांनी मुळात झाड तोडायला निघूच नये, असे माझे मत आहे.

दुसरी चूक छाटणीच्या नावाखाली झाड संपवण्याची. छाटणीलाही परवानगी लागते, आणि कायद्यात झाड तोडणे या शब्दांत ते जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते; तेव्हा बुंध्याशी ॲसिड ओतणाऱ्या चतुर मंडळींनी स्वतःला फार हुशार समजू नये. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरते, म्हणून वय अंदाजाने कमी लिहू नये.

लवकर वाढते म्हणून सुबाभूळ किंवा गुलमोहर निवडू नये. बहावा, तामण, करंज, कांचन हे इथल्या हवेत टिकतात. ड्रेनेजच्या चेंबरला आणि कुंपणाच्या भिंतीला खेटून रोप लावू नये. झाड तोडण्याच्या अर्जाबाबत झाडावर चिकटवलेली सूचना ‘लोक विचारतात’ म्हणून फाडू नये. धोकादायक झाड तातडीने उतरवावे लागले, तर आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत.

फोटोंबाबत माझी एक सवय आहे. प्रत्येक रोपाशेजारी क्रमांक रंगवलेला दगड पुरतो आणि दर जूनमध्ये त्याच कोनातून, दगड दिसेल असा फोटो घेतो; अनामत परत मागताना फाइलमध्ये आधी तेच फोटो लावतो.