रात्रपाळीतून काठमांडूला

आंतरराष्ट्रीय पत्रकार व्हायचंय म्हणणारी मुलं-मुली भेटली की मी आधी विचारते, "पेपरचं पान लावलंयस का कधी?" बहुतेकांचा चेहरा पडतो. माझी सुरुवात पुण्यातल्या एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत झाली. देश-विदेशचं अर्धं पान, वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्यांचा ढीग आणि डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, सुटायला पाऊण तास.

पहिल्याच महिन्यात मी कुठल्याशा मदत पॅकेजचे एक बिलियन डॉलर दहा कोटी करून टाकले. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज. दुसऱ्या दिवशी टेबलावर तो अंक होता, आकड्याभोवती लाल गोल. वृत्तसंपादक एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

नावांचंही तसंच. शी जिनपिंग यांचं आडनाव शी. 'जिनपिंग म्हणाले' हे बाहेरच्या पेपरानं 'नरेंद्र म्हणाले' छापावं तसं झालं. म्यानमारमध्ये तर बहुतेकांना आडनावच नसतं, त्यामुळे आँग सान सू ची यांची नुसती 'ची' करायची नाही. हे कुणी शिकवत नाही. डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात लावतात तिथे, चार शिव्या खाल्ल्या की लक्षात राहतं.

२५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी दुपारी, नेपाळ हादरलं. ७.८ तीव्रतेचा भूकंप. आमच्याकडून कुणाला पाठवणार नव्हते. मी रजा टाकली, गोरखपूर गाठलं आणि सुनौलीच्या नाक्यावरून पलीकडे गेले. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. पहिल्या परदेशी बातमीसाठी नवख्यानं हे जरूर ध्यानात घ्यावं. फलक देवनागरीत, पेपर देवनागरीत, निम्मं तर तसंच कळतं.

ओळख मात्र कुणाचीच नव्हती. सांगलीतल्या विटा-खानापूरकडची गलाई माणसं, म्हणजे सोनं गाळणारी, देशभर पसरलीत आणि नेपाळातही आहेत, हे मैत्रिणीच्या बोलण्यातून माहीत होतं. तिनं एका काकांचा नंबर मिळवून दिला. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य: "ताई, हाटेलात उतरू नका, आम्ही समदी मैदानात झोपतोय." दोन रात्री मी काठमांडूच्या टुंडीखेल मैदानावर त्यांच्या ताडपत्रीखाली काढल्या. नेपाळी बोलायला, रस्ते दाखवायला, कुणाला काय विचारू नये हे सांगायला काकाच. या कामाला धंद्यात फिक्सर म्हणतात आणि त्याचे पैसे आधी ठरवून द्यायचे असतात. मी निघताना त्यांच्या हातावर चितळ्यांची बाकरवडी ठेवली. अजून लाज वाटते.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मी हातातलं लावून घेतलं आणि घोळ झाला. डेस्कला नऊची वेळ दिली होती. घड्याळात नऊ दिसले, धाबं दणाणलं आणि एका गावातल्या मृतांचा आकडा एकाच माणसाच्या भरवशावर घालून बातमी सोडली. पुण्यात तेव्हा पावणेनऊच वाजत होते. दुसऱ्याला विचारायला ती पंधरा मिनिटं पुरली असती. आकडा चुकीचाच निघाला, दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला.

त्याच दिवसांत 'गो होम इंडियन मीडिया' हा हॅशटॅग गाजत होता. ढिगाऱ्यापाशी बसलेल्यांना 'कसं वाटतंय' विचारणाऱ्या आपल्या कॅमेऱ्यांना लोक विटले होते. पुण्याची आहे म्हणायची चोरी. मी ९ मेला परतले आणि १२ तारखेला तिथे दुसरा मोठा भूकंप झाला, ७.३ चा. ती बातमी मी पुन्हा रात्रपाळीत, वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून केली.

बाहेरचं दार उघडलं ते मात्र गलाईंमुळे. इंग्रजीत लिहिलेला माझा पहिला लेख त्यांच्यावर. संपादकाला चार ओळींची मेल केली: ही माणसं कोण, आत्ताच का, माझ्याकडे काय आहे, किती शब्द. भूकंप त्यांना शंभर जण देत होते, सोनं गाळणारे सांगलीकर कुणीच देत नव्हतं. पैसे चार महिन्यांनी आले, तेही तीनदा आठवण केल्यावर. पहिली दोन वर्षं नोकरी सोडू नका.

आता मी दुसऱ्या बाजूला बसते, बाहेरच्या एका संकेतस्थळासाठी दक्षिण आशियाच्या बातम्या तपासते. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असलं की मी पहिल्यांदा तेच विचारते: तू तिथे होतीस की फोनवरून लिहिलंस? फोनवरून लिहिलं असेल तर गाव कापते. हुज्जत घालणारे बरेच असतात.

माझं पुस्तक नेपाळच्या तीन वह्यांतून झालं. पेपरात न मावलेलं सगळं त्यांत होतं, अगदी चहाचे दरसुद्धा. करार करताना भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवा, मी नाही ठेवले.

पहिली प्रत काकांना पाठवली. आठवड्यानं फोन आला. "ताई, झ्याक झालंय. पर पान ८४ वर तोळ्याचा भाव चुकलाय." वही काढली. तिच्यात बरोबर होता, उतरवताना मीच चुकवला होता.