एसआर मोटर धडधडते, तापते? कोड उघडण्याआधी या चुका टाळा

एसआर म्हणजे स्विच्ड रिलक्टन्स मोटर: रोटरवर ना चुंबक ना वाइंडिंग, स्टेटरच्या फेज एकामागून एक चालू करून लोखंडी रोटरचे पोल ओढायचे. टेस्ट बेंचवर नवीन पोरगा आला की हे दृश्य ठरलेलं. शाफ्ट धडधडतोय, टॉर्कचा आलेख करवतीच्या दातांसारखा, बॉडीला हात लावावा तर चटका. आणि हा पठ्ठ्या लॅपटॉपवर टॉर्क शेअरिंग फंक्शनचे (फेज बदलताना टॉर्क दोन फेजांत कसा वाटायचा ते सूत्र) आकडे बदलत बसलेला! अरे बाबा, रोटर नक्की कुठे आहे ते तरी आधी बघ.

अँगलचा शून्य अंदाजाने धरणे. माझा सगळ्यात जुना राग या चुकीवर आहे, कारण ती मीही केली आहे. एका ग्राहकाकडे 8/6 मोटर होती (स्टेटरवर 8 पोल, रोटरवर 6, चार फेज), 1500 आरपीएमची. दोन दिवस आम्ही तिघं करंट लूपचे गेन फिरवत होतो. ऑसिलोस्कोपवर चारही फेजचे करंट चित्रासारखे, तरी दर फेजबदलाला टॉर्क खड्ड्यात. तिसऱ्या दिवशी चहाला उठताना सहज कपलिंगला हात लागला, तर रोटरची जागा मोजणाऱ्या एन्कोडरचा ग्रब स्क्रू ढिला! फरक होता जेमतेम 2 अंशांचा. पण सहा पोलच्या रोटरला 60 अंशांत एक पूर्ण इलेक्ट्रिकल चक्र होतं, म्हणजे ते 2 नव्हे, 12 अंश झाले. फेज उशिरा बंद होत होती, पोल समोरून पुढे निघून गेल्यावरही करंट शिल्लक राहत होता आणि तो रोटरला मागे ओढत होता. या मोटरीत टॉर्क करंटच्या वर्गावर चालतो, त्यामुळे करंटची दिशा बदलून काही साधत नाही. टॉर्क पुढे की मागे, हे फेजचा इंडक्टन्स (पोल समोरासमोर येताना वाढतो, दूर जाताना घटतो) वाढतोय की घटतोय यावरच ठरतं. दोन फेज एकमेकींशी भांडत होत्या आणि त्या भांडणाचं बिल वाइंडिंगच्या तांब्याच्या नावावर, उष्णता म्हणून जात होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: लोड काढायचा, एका फेजमध्ये थोडा डीसी सोडायचा, रोटर आपोआप समोरासमोर येऊन थांबतो. एन्कोडरचा आकडा लिहायचा. मग रोटर हाताने उलट बाजूला ढकलून पुन्हा सोडायचा, कारण घर्षणामुळे तो अलीकडे-पलीकडे अडकतो. दोन्हींची सरासरी घ्यायची. अशा चारही फेज. 8/6 मध्ये एकमेकींत 15 अंशांचं अंतर यायलाच हवं. वीस मिनिटांचं काम आहे, पण "नंतर बघू" म्हणणारेच जास्त.

फेज बंद करायला उशीर. "जास्त वेळ चालू ठेवली तर जास्त टॉर्क" हा हावरटपणा. 1500 आरपीएमला रोटर एका मिलिसेकंदात 9 अंश फिरतो. करंट उतरायला अर्धा मिलिसेकंद लागत असेल तर साडेचार अंश आधी बंद करावीच लागते. 3000 ला तेवढाच वेळ धरला तर 9 अंश. हळू वेगावर जुळवलेला एकच अँगल सगळीकडे वापरणाऱ्यांनी एवढा गुणाकार करावा. पोल समोरासमोर येईस्तोवर करंट जवळपास मेलेला हवा. मी स्कोपवर करंट आणि पोझिशन एकत्र पाहिल्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.

बाकीच्या भराभर सांगतो. हार्ड चॉपिंग (करंट रोखायला फेजचे दोन्ही स्विच बंद करणं) सवयीने लावू नका. करंट नुसता टिकवायचा असेल तर एकच स्विच बंद करा, करंटचा रिपल म्हणजे चढउतारही कमी आणि स्विचिंग लॉसही. कंट्रोलरचा 100 मायक्रोसेकंदांचा उशीर 1500 ला 0.9 अंश खातो, तो धरा. वायर सरासरी करंटवर निवडू नका, आरएमएसवर, म्हणजे तापवणाऱ्या परिणामी करंटवर, निवडा. डीसी सप्लायवरच्या बस कपॅसिटरमध्ये कंजुषी केलीत तर फेज बंद होताना परत येणारी ऊर्जा व्होल्टेज वर उचलते. बेअरिंग झिजून एअरगॅप एकीकडे कमी झाला असेल तर सॉफ्टवेअरने काही होत नाही, बेअरिंग बदला.

आणि टॉर्कचा रिपल, म्हणजे ही धडधड, शून्यावर आणायचा हट्ट. फेज बदलताना येणाऱ्या फेजकडून फार लवकर टॉर्क मागितला तर तिथे इंडक्टन्सचा चढ सपाट असतो. तेवढ्याच टॉर्कसाठी करंट उसळतो आणि कॉपर लॉस वर्गाने वाढतो. गाडी थांब्यावरून हलवायची असेल तर हा खर्च मला मान्य आहे. पण 3000 वर फिरणाऱ्या ब्लोअरला? तिथे पंख्याचं जडत्वच धडधड गिळतं. तरी परवा एकाने तिथेही तोच कोड घातला होता, आणि वाइंडिंग का तापतं म्हणून मलाच फोन.