डम्बलडोर समलिंगी आहे, हे कळल्यावर: किशोर वाचकगटात चर्चा कशी घ्यावी

आमच्या वाचनालयाचा किशोर गट मी चालवते. हॅरी पॉटर वाचायला घेतलं की त्यातल्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर समलिंगी आहे, हा विषय निघतोच. कुणीतरी इंटरनेटवर वाचलेलं असतं, ते शेजारच्याच्या कानात सांगतं, काही हसतात, काही चिडतात आणि मग सगळे ताईकडे बघतात. त्या क्षणी विषय बदलू नका. तुम्ही टाळलंत की मुलं एवढंच शिकतात, की ही लाजेची गोष्ट आहे.

आधी फळ्यावर दोन तारखा लिहा. २१ जुलै २००७ला मालिकेचा सातवा, शेवटचा भाग आला. १९ ऑक्टोबर २००७ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका वाचकाने लेखिका जे. के. रोलिंगला विचारलं, की प्रेमाची थोरवी सांगणारा डम्बलडोर स्वतः कधी प्रेमात पडला होता का? तो मला कायम समलिंगीच वाटत आला, असं तिने सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मालिका संपल्यानंतरचं हे उत्तर आहे, हे मुलांना नीट कळू द्या. पुढचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात.

मतं मात्र लगेच मागू नका. सातव्या भागातलं १८वं प्रकरण काढा आणि मोठ्याने वाचून घ्या. कोवळ्या वयातला डम्बलडोर आणि पुढे क्रूरकर्मा ठरलेला त्याचा मित्र ग्रिंडेलवाल्ड दिवसभर बोलत बसतात, आणि तरी रात्री एकाचं पत्र घेऊन घुबड दुसऱ्याच्या खिडकीवर टकटक करतं. मग ३५व्या प्रकरणात म्हातारा डम्बलडोर त्या उन्हाळ्याबद्दल काय कबूल करतो, ते वाचा. वाचून झाल्यावर विचारा: हे प्रेम पानावर दिसतं का? आमच्याकडे यावर दरवेळी कडाक्याचं भांडण होतं. होऊ द्या, कारण तेव्हा मुलं खरोखर पुस्तकात बोट घालून बोलत असतात.

‘प्रसिद्धीसाठी नंतर चिकटवलं’ असं कुणी म्हणेलच. त्याला सांगा, सहाव्या चित्रपटाच्या पटकथेत डम्बलडोर एका मुलीची आठवण काढत होता आणि ते आपण दुरुस्त करायला लावलं, असं रोलिंगने त्याच उत्तरात सांगितलं होतं. ‘मग पुस्तकात का नाही लिहिलं?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो झटकू नका. इंग्लंडमध्ये १९८८ ते २००३ ‘कलम २८’ लागू होतं. स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला त्यात बंदी होती आणि शिक्षक या विषयावर बोलायला धजत नसत. १९९७च्या पहिल्या भागाला ही सबब चालेल, सातव्याला नाही. स्वतः समलिंगी असलेल्या अनेक वाचकांचं दुःख वेगळंच होतं: एवढ्या मोठ्या जगात आपल्यासारखा एकच, तोही मागाहून कळलेला, आणि त्याचं प्रेम नेमकं क्रूरकर्म्यावर! मला हे दुःख रास्त वाटतं, आणि मी तसं मुलांना सांगते.

चित्रपटांवर फार वेळ घालवू नका. २०२२च्या चित्रपटात डम्बलडोरने प्रेमाची कबुली दिली आणि चीनमध्ये ते संवाद कापले गेले, एवढं पुरे. आपल्याकडेही २००७मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, प्रौढांमधले परस्परसंमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला त्यातून वगळले, हे मात्र जरूर सांगा. मुलांना हे सहसा माहीत नसतं.

हसू आलं तर रागावू नका, वाचन चालू ठेवा. पण टिंगल गटातल्या एखाद्या मुलाकडे वळली, तर तिथल्या तिथे, त्याच्यादेखत थांबवा. ‘तुमच्यापैकी कुणी आहे का असं?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका, गमतीतही नाही. गटात असं मूल असू शकतं हे धरूनच प्रत्येक वाक्य बोला. ते गप्प बसलं तर बसू द्या.

पालक विचारायला आले तर त्यांनाही खुर्ची द्या आणि १८वं प्रकरण वाचायला द्या. मुलांनी काय वाचलं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. कुठल्या मुलाने काय मत मांडलं, हे मात्र त्यांनाही सांगायचं नाही.