वाफेच्या इंजिनाचं ब्रेक रिगिंग: पिनेपासून ब्लॉकपर्यंत तपासणी आणि जुळणी

ब्रेक नीट लागत नाही अशी तक्रार आली की फिटरचा हात आधी टर्नबकलकडे, म्हणजे रॉडची लांबी कमी-जास्त करणाऱ्या आट्याच्या जोडाकडे जातो. दोन फेरे आवळले, ब्लॉक (चाकावर दाबले जाणारे ब्रेकचे ठोकळे) चाकाजवळ आले, काम झालं. दोन आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा येते, कारण ढिलाई ब्लॉकात नसते, रिगिंगच्या, म्हणजे ब्रेकचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या पिनांत असते. म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवा: आधी पिना आणि बुश (पिन ज्यात बसते ती नळी), मग ब्लॉक, आणि टर्नबकल सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी सहा चाकांचं टाकी-इंजिन (पाण्याच्या टाक्या स्वतःवरच वाहणारं) घेऊ. वजन ३० टन, प्रत्येक ॲक्सलवर १० टन, एक वाफेचा ब्रेक सिलिंडर, सोबत हातब्रेक. तुमच्या इंजिनाची मापं वेगळी असतील. ड्रॉइंगवरचे किंवा स्वतः मोजलेले आकडे घालून हाच हिशोब करा.

जोर कुठून कुठे जातो

सिलिंडरचा पिस्टन ब्रेक शाफ्टचा लांब आर्म ढकलतो. शाफ्ट फिरतो, त्याचा आखूड आर्म पुल रॉड ओढतो. पुल रॉड ब्रेक बीम (दोन्ही बाजूंच्या चाकांमधला आडवा दांडा) ओढतो. बीमच्या दोन्ही टोकांना हँगर असतात, हँगरचं वरचं टोक फ्रेमला टांगलेलं असतं आणि मधोमध ब्लॉक बसवलेला असतो. हातब्रेकचा स्क्रू याच शाफ्टला वेगळ्या आर्मने जोडलेला असतो, म्हणजे शाफ्टच्या पुढचं सगळं दोघांना सामाईक.

सिलिंडर २०० मिमी व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी. वाफेचा दाब १० किलो प्रति चौ. सेंमी धरला तर पिस्टनवर ३,१४० किलो. शाफ्टचा लांब आर्म ४५० मिमी, आखूड १५० मिमी, म्हणजे तिप्पट: पुल रॉडमध्ये ९,४२० किलो. हँगरच्या वरच्या पिनेपासून ब्लॉक ४०० मिमीवर आणि बीम ६०० मिमीवर, म्हणजे आणखी दीडपट: सगळ्या ब्लॉकांवर मिळून १४,१३० किलो. पिनांच्या घर्षणात साधारण १५ टक्के जातात असं धरा. हाती उरतात १२,००० किलो, इंजिनाच्या वजनाच्या ४० टक्के. प्रत्येक ॲक्सलच्या वाट्याला ४,००० किलो.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचे बहुतेक दोष त्याच्याशी ताडूनच कळतात.

व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीलाही इंजिनावर वाफेचाच ब्रेक का, तेही यातून दिसतं. ५३ सेंमी (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमवर दर चौ. सेंमीला जेमतेम ०.७२ किलो जोर मिळतो. आपल्या २०० मिमी सिलिंडरचं काम व्हॅक्यूमवर करायचं तर सुमारे ७५० मिमी व्यासाचा सिलिंडर लागेल, आणि छोट्या इंजिनाच्या फ्रेममध्ये तेवढी जागा नसते.

कॉम्पेन्सेटिंग लिव्हर: उलटा बसला तर

तीन बीमना सारखा जोर मिळावा म्हणून पुल रॉडच्या वाटेत कॉम्पेन्सेटिंग लिव्हर असतात. पहिल्या लिव्हरला मुख्य रॉडच्या ओढीचा एक तृतीयांश पहिल्या बीमला द्यायचा असतो आणि दोन तृतीयांश पुढे पाठवायचा असतो. म्हणून मुख्य रॉडच्या छिद्रापासून पहिल्या बीमच्या छिद्राचं अंतर हे पुढच्या रॉडच्या छिद्राच्या अंतराच्या दुप्पट असतं. दुसऱ्या लिव्हरचे दोन्ही हात सारखे असतात.

पहिला लिव्हर उलटाही बसतो. पिना तितक्याच सहज जातात, ब्रेक लागतो, सुटतो, पिटमधून (रुळांमधल्या खड्ड्यातून) पाहणाऱ्याला काही वावगं दिसत नाही. पण आता पहिल्या ॲक्सलवर ४,००० ऐवजी ८,००० किलो जोर येतो आणि उरलेल्या दोघांवर प्रत्येकी २,०००. याचा परिणाम कळायला बिडाच्या ब्लॉकचा स्वभाव माहीत हवा. डग्लस गाल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेवर चाचण्या घेतल्या. ताशी ९६ किमीला ब्लॉक आणि टायर (चाकावरचं पोलादी कडं) यांच्यातला घर्षणांक सुमारे ०.०७ होता, १६ किमीला ०.२४, आणि चाक थांबता थांबता ०.३३. वेग उतरतो तसा तोच ब्लॉक जास्त धरतो.

आता ८,००० ला ०.३३ ने गुणा: २,६४० किलो. कोरड्या रुळावर १० टनाच्या ॲक्सलला पकड मिळते साधारण २,५०० किलो. म्हणजे गाडी फलाटात थांबताना नेमकं पहिलं चाक अडकतं आणि घसरत जातं. लिव्हर सुलटा असेल तर ४,००० गुणिले ०.३३ म्हणजे १,३२० किलो. ओल्या रुळाची पकड १,५०० पर्यंत उतरली तरी चाक फिरत राहतं. एकाच ॲक्सलचे ब्लॉक लवकर झिजत असतील, त्याच टायरवर चपटे डाग असतील, तर ब्लॉकला दोष देण्याआधी टेप घेऊन लिव्हरची छिद्रं मोजा. उघडण्याआधी लिव्हरच्या वरच्या बाजूवर पंचने खूण करून ठेवली तर हा घोळ होतच नाही.

खाली उतरण्याआधी

ब्रेक रिगिंगवर काम करायचं म्हणजे हातब्रेक सोडावा लागतो. इंजिन धरून ठेवतात त्या फक्त पाचरी. एका चाकाला पुढून-मागून, घट्ट, लाकडी किंवा लोखंडी पाचर ठोका. रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मध्यावर, चाकं फिरवणाऱ्या सिलिंडरांचे कॉक उघडे. रेग्युलेटर थोडा जरी गळत असेल तरी वाफ साठून इंजिन पाऊलभर सरकू शकतं. ब्रेक सिलिंडरच्या वाफेचा स्टॉप व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरच्या दांड्यावर ‘खाली माणूस आहे’ अशी पाटी अडकवा. ब्रेक बीम आणि हँगरच्या मध्ये बोटं असताना वर कुणी हँडल फिरवलं, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पिना आणि बुश

एकाने हातब्रेक हळूहळू आवळायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने पिटमधून एकेक सांधा पाहायचा. चांगला सांधा लगेच ओढ घेतो. झिजलेला सांधा आधी उडी मारतो, मग ओढतो. त्याला खडूने खूण करा आणि पुढे सरका; एका फेरीत सगळे सांधे बघून झाले पाहिजेत.

खूण केलेली पिन काढून पुसा आणि अंगठ्याचं नख तिच्या लांबीवर फिरवा. झिजलेल्या पिनेवर नख एका पायरीला अडकतं, आणि ती पायरी एकाच बाजूला असते, कारण ओढ नेहमी एकाच दिशेने येते. अशी पिन अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवली की ढिलाई गेल्यासारखी वाटते, पण बुश लांबट झालेलाच असतो आणि पिनेचा छेद आधीच कमी झालेला. तसं करू नका. नवीन पिनेला बुशमध्ये अर्धा मिलिमीटरपर्यंत जागा पुरते. दीड मिमीच्या पुढे गेली की पिन आणि बुश दोन्ही बदला.

एवढ्याशा ढिलाईने काय होतं? सहाही हँगरच्या खालच्या पिनांत प्रत्येकी १ मिमी वाढला, तर पिस्टनला ३ मिमी जास्त चालावं लागतं. आखूड आर्मच्या पिनेतला १ मिमीही तसाच तिप्पट होतो. सिलिंडरजवळच्या पिनेतला १ मिमी मात्र १ मिमीच राहतो. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा चाकाकडच्या पिना आधी बघा.

प्रत्येक पिनेला वॉशर आणि स्प्लिट पिन हवीच. स्प्लिट पिनचे दोन्ही पाय पूर्ण उघडे, आणि एकदा काढलेली पुन्हा वापरायची नाही. पुल रॉड आणि बीमच्या खालचे सेफ्टी स्ट्रॅप हलवून बघा. पिन निसटली तर रॉड रुळावर आणि स्लीपरवर पडू न देणारं तेवढंच असतं. ग्रीस पिनांना लावा, टायरपासून लांब ठेवा.

ब्लॉक

बिडाचा ब्लॉक टायरच्या गोलाईवर पूर्ण टेकला पाहिजे. नवीन ब्लॉक सुरुवातीला मधोमध किंवा दोन टोकांना टेकतो. बसेपर्यंत ब्रेक कमी लागतो, म्हणून सगळे ब्लॉक एकाच दिवशी बदलून इंजिन लगेच उतारावर पाठवू नका. मात्र एका बीमच्या दोन्ही बाजूंचे ब्लॉक जोडीनेच बदला. एक जाड, एक पातळ राहिला तर बीम तिरका ओढतो आणि हँगरच्या पिना कडेने खातात.

वरचं टोक खालच्यापेक्षा जास्त झिजलं असेल तर सुटलेल्या ब्रेकमध्ये ब्लॉक पुढे कलंडून टायरला घासतो आहे. हँगरवरचा टेकूचा बोल्ट किंवा स्प्रिंग बघा. ब्लॉक टायरच्या बाहेरच्या कडेवरून लोंबत असेल तर न झिजलेल्या भागाची एक कड तयार होते आणि तीच टायरच्या कोपऱ्याला धरते. अशा वेळी हँगरच्या आडव्या ढिलाईला वॉशर घाला. ब्लॉक साधारण २० मिमी उरला की बदला. ब्लॉकची खुंटी वरून खाली ठोकायची, म्हणजे हादऱ्यांनी ती आणखी बसते. खालून घातलेली खुंटी गळून पडते.

आता टर्नबकल

इंजिन सपाट रुळावर, बॉयलर आणि टाक्या कामाच्या पातळीला भरलेल्या, स्प्रिंगांवर रोजचं वजन. हँगर फ्रेमला टांगलेले आणि चाक स्प्रिंगांखाली, त्यामुळे रिकाम्या इंजिनावर केलेली जुळणी भरल्यावर बदलते.

१. हातब्रेक पूर्ण सोडा. टर्नबकल आवळत जा, सहाही ब्लॉक टायरला टेकेपर्यंत. एखादा टेकतच नसेल तर थांबा, दोष लिव्हर किंवा हँगरमध्ये आहे.

२. आता मागे फिरवा. टर्नबकलच्या दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे असतात. आटा ३ मिमीचा असेल तर एका फेऱ्याने रॉड ६ मिमीने लांब होतो आणि ब्लॉकपाशी ४ मिमी मिळतात. दीड फेरा म्हणजे ६ मिमी फट, आणि आपल्याला तेवढीच हवी.

३. ६ मिमी जाडीची पट्टी प्रत्येक ब्लॉक आणि टायरच्या मध्ये घालून बघा. लॉक नट आवळा.

४. पिस्टन रॉडवर ग्लँडपाशी (रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथल्या वाफबंद जोडापाशी) खडूची रेघ मारा, पूर्ण वाफ द्या, चाल मोजा. ६ मिमी फटीला साडेचारपट, म्हणजे २७ मिमी हिशोबाने. रॉडचा ताण आणि बुशची जागा धरून ४० ते ४५ मिमी ठीक. ६० दिसत असतील तर पिनांकडे परत जा.

ब्लॉक १० मिमी झिजले की चाल ४५ मिमीने वाढते. पिस्टन सिलिंडरच्या झाकणाला टेकला, तर गेजवर पूर्ण दाब दिसतो आणि चाकावर काहीच येत नाही. सिलिंडरची दोन तृतीयांश चाल संपण्याआधी पुन्हा जुळवा.

सिलिंडर

थंड सिलिंडरमध्ये गेलेली वाफ लगेच पाणी होते आणि पहिला ब्रेक उशिरा लागतो. शेडबाहेर पडण्याआधी उभ्या इंजिनावर चार-पाच वेळा ब्रेक लावा, ड्रेन उघडा, कोरडी वाफ दिसेपर्यंत. ब्रेक सोडल्यावर पिस्टन सावकाश परतत असेल तर परतीची स्प्रिंग, आवळलेलं ग्लँड पॅकिंग किंवा अडकलेला ड्रेन, या क्रमाने बघा.

हळू सुटणारा ब्रेक टायर तापवतो. टायर चाकावर तापवून चढवलेला असतो, व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतका घट्ट. टायर आतल्या चाकापेक्षा सुमारे ८७ अंश सेल्सिअसने जास्त तापला की हा घट्टपणा संपतो आणि टायर चाकावर फिरू शकतो. लांब उतारावर फक्त इंजिनाच्या ब्रेकवर गाडी धरणं याचसाठी धोक्याचं; गाडीच्या ब्रेकला वाटा द्या. टायर आणि चाकावर मिळून एक आडवी पांढरी रेघ रंगवा. रेघ तुटलेली दिसली, किंवा हातोडीने टायर खणखणण्याऐवजी बद्द वाजला, तर इंजिन बाहेर काढू नका.

हातब्रेक आणि उभं इंजिन

हँडल २५० मिमी, स्क्रूचा आटा १२ मिमी, माणसाचा जोर २५ किलो. घर्षण वजा जाता स्क्रूवर सुमारे ८०० किलो मिळतात. हातब्रेकचा आर्मही ४५० मिमीचा असेल तर ब्लॉकांवर ३,००० च्या आसपास, आणि चाकं धरतात ९०० ते १,००० किलो. ४० ला १ चढावर (४० मीटरला १ मीटर) ३० टनाचं इंजिन ७५० किलोने ओढतं, तिथे हातब्रेक पुरतो. २० ला १ वर ओढ १,५०० किलो होते, तिथे पुरत नाही. नेरळ-माथेरान मार्गावर चढ २० ला १ आहे. तिथे डब्यांवर ब्रेकमन ठेवून त्यांचे हातब्रेक वापरत, कारण एकट्या इंजिनाच्या चाकांवर ती गाडी धरता येत नाही.

बॉयलर थंड होतो तशी वाफेच्या ब्रेकची पकड जाते. उभं इंजिन त्याच्या भरवशावर कधीच सोडू नका. हातब्रेक आवळा, पाचरी लावा. उतारावरून नुकतंच आलेलं असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा जा: गार होताना टायर आक्रसतात, ब्लॉक सैल पडतात, आणि हँडल अजून पाव-अर्धा फेरा जातं.